भाकड महिन्यातले भरलेले घर

(शिरूर येथे पौष महिन्यात झालेल्या महिलांच्या एकत्रीकरणातील भाषणाचे शब्दांकन)



पौषाला आपण भाकड महिना म्हणतो. या महिन्यात लग्नाचा मुहूर्त निघत नाही, वास्तुशांत होत नाही, साखरपुड्याची बोलणीसुद्धा लोक माघावर ढकलतात. दिवाळीचा फराळ केव्हाच संपला. तुळशीचे लग्न लागले, चंपाषष्ठीला खंडेरायाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवून झाला, मार्गशीर्षातील गुरुवारांची उद्यापने आटोपली. संक्रांतीला अजून थोडा अवकाश आहे. पंचांगाने असा कोरा ठेवलेला हा काळ गृहिणीच्या दृष्टीने मात्र वर्षातील सर्वांत भरलेला काळ असतो, किंबहुना असे, आणि त्याविषयीच मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

निमंत्रण देताना आयोजकांनी ‘विषय हलकाफुलका ठेवा’ असे सुचवले होते. विषय तसा हलकाच आहे : भाकरी, हलवा, हुरडा, गूळ, गोधडी. परंतु यांतील किती गोष्टी आज आपल्या घरात आपल्या हातांनी होतात, असा प्रश्न एकमेकींना विचारून पाहा. मग तो तितकासा हलका राहत नाही.

आपला हा मुलूख पर्जन्यछायेचा. अलीकडे घोड नदी, पलीकडे भीमा, आणि भीमेच्या पैलतीरी दौंड तालुका. नद्या दोन असल्या तरी पाऊस बेताचा. म्हणून खरिपाला बाजरी आणि रब्बीला ज्वारी ही येथील पिके झाली आणि त्यांनीच येथील स्वयंपाकघर घडवले. दिवाळीच्या आसपास नवी बाजरी घरात येते आणि थंडी पडली की तिची चव खुलते. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत हेमंत ऋतूत जठराग्नी प्रबळ असतो असे सांगितले आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेजारी गूळ आणि हिरव्या लसणाची चटणी एवढे ताट समोर आले की ते शास्त्र वाचलेच पाहिजे असे नाही.

भाकरीचे एक वैशिष्ट्य आहे. तिला साठवण मानवत नाही. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असल्याने दळलेले पीठ काही दिवसांतच कडवट होते; म्हणून दळण थोडे-थोडे आणि वारंवार करावे लागते. पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, तेव्हा पाणी कढत घ्यावे लागते आणि तळहाताच्या टाचेने ते रगडून मळावे लागते. मळण्यात आळस केला की परातीतच भाकरीला चिरा जातात. थापताना हात किती जड ठेवायचा, तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात केव्हा फिरवायचा, आरावर केव्हा उभी करायची, हे कोणत्याही पुस्तकातून येत नाही. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप देऊन हजारो नवख्या मुलींना धीर दिला, हे त्यांचे मोठेच ऋण आहे. पण भाकरीचे माप वाटीत मावत नाही. ते आईच्या किंवा सासूबाईंच्या शेजारी बसूनच हातात उतरते. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, आपल्या शासनाने या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे गौरवाचे नाव दिले. त्यानंतर शहरांतील दुकानांतून बाजरीची बिस्किटे आली, ज्वारीच्या शेवया आल्या. त्याचा आनंद आहे. तथापि शिरूरच्या आठवडे बाजारातून उत्तम बाजरी घरी नेली आणि ती थापणारा हातच घरात नसला, तर त्या गौरवाचे करायचे काय?

आता हलव्याकडे वळते, कारण पौषातील गृहकलेचा तो कळस आहे असे माझे मत आहे. आपल्यापैकी अनेकींनी घरी केलेला हलवा पाहिलाही नसेल. बाजारात तो पुड्यांमधून मिळतो, त्याचे दागिनेही तयार मिळतात. घरचा हलवा असा होतो. तीळ निवडून परातीत घ्यायचे. परातीखाली शेगडी, पण निखारा अगदी मंद, राखेने झाकलेला. साखरेचा पाक करून दुधाचा हबका मारून त्यातली मळी काढायची. मग त्या तिळांवर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ अलगद फिरवत राहायचे. तेवढा पाक सुकला, की पुढचा चमचा. घाई करून दोन चमचे एकदम सोडले की तिळांच्या गाठी होतात. निखारा जास्त झाला की पाक पिवळा पडतो. पहिल्या दिवशी पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसत नाही, तीळ जरा पांढुरके झालेले असतात एवढेच. दुसऱ्या दिवशी दाणा फुगतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्यावर काटा उमटू लागतो. आणि हा काटा हवा कोरडी व थंड असेल तरच येतो. आभाळ आले, हवेत दमटपणा आला, की हलवा रुसतो. कोरड्या गारठ्याचा हा महिना हलव्याचा, ही सोय आपल्या पूर्वजांनी फार विचारपूर्वक केलेली दिसते.

चार दिवस, दररोज तास-दोन तास, एका परातीपुढे बसून राहायचे आणि हाती काय येते, तर मूठभर पांढरे दाणे. नवी सून पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने घालते, तान्ह्या बाळाचे बोरन्हाण होते, तेव्हा त्या दागिन्यात कुणाचे तरी हे चार दिवस ओवलेले असतात. बसल्याजागी बोटे काम करतात आणि मन मोकळे असते. शेजारीण येते, तिला परात द्यायची, आपण चहा टाकायचा. लहान मुलीला ‘हळू, हळू’ म्हणत फिरवू द्यायचे. गप्पा चालतात, त्यांत कुणाचे माहेरचे दुःख निघते, कुणाची औषधे निघतात. मला वाटते, आपल्या कुटुंबव्यवस्थेत समुपदेशनाचे काम अशा परातींभोवती झाले आहे.

इथे कुणी मनात म्हणेल, ‘बाई, हे ऐकायला छान आहे. चार दिवस तास-दोन तास आणायचे कुठून?’ हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. आपल्या तालुक्यातील कितीतरी भगिनी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात. पलीकडे कुरकुंभला तेच. दौंड हे मनमाड आणि बारामतीकडे फाटे फुटणारे मोठे जंक्शन. तेथील रेल्वेच्या घरांत पिढ्यानपिढ्या रात्रपाळीच्या वेळापत्रकावर चूल पेटली आहे. शेतावरच्या भगिनींना तर सुट्टी हा शब्दच ठाऊक नाही. केंद्र शासनाने २०१९ साली वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. घरचे विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि अशा कामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. तेच सर्वेक्षण २०२४ मध्ये पुन्हा झाले. आकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे दोघांचीही मिनिटे थोडी घटली. मधले अंतर पाच वर्षांत एका मिनिटाने कमी झाले!

तेव्हा मी जर येथून ‘घरोघरी हलवा करा, गोधड्या शिवा, जात्यावर दळा’ असे सांगून निघून गेले, तर ते तुमच्या २८९ मिनिटांत आणखी भर टाकणे ठरेल. चुलीवरच्या भाकरीच्या आठवणी काढून गहिवरणारे बहुतेक लोक चूल फुंकलेले नसतात. धुराने डोळे आणि छाती कुणाची गेली, हे आपल्या घरातल्या वृद्धांना विचारा. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ज्यांच्या घरी गॅस आला, त्यांना विचारा. भाकरी गॅसवरही टम्म फुगते. ती घरातल्या मुलानेही थापावी. लग्नाचा आचारी पुरुष, मिठाईचा हलवाई पुरुष, गुऱ्हाळावरचा गुळव्या पुरुष. पैसा मिळतो तेव्हा हे काम पुरुषांच्या हाताला शोभते आणि घरी शोभत नाही, हे कोणत्या धर्मशास्त्रात लिहिले आहे?

गुळव्याचे नाव निघाले म्हणून सांगते. दौंड तालुक्यात केडगाव, यवत, राहू या पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत. या दिवसांत त्या बाजूला गेले की रस्त्यावरच उकळत्या रसाचा वास येतो. मोठ्या कढईत रस आटतो, त्यात भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी सोडून मळी वर आणली जाते, ती झाऱ्याने काढून टाकतात. पाक कोणत्या क्षणी उतरवायचा हे गुळव्याला कळते. क्षणभर आधी उतरवला तर काकवी, उशीर झाला तर गूळ करपट. जाणत्या गृहिणीने त्या बाजूने जाताना काकवीची एक बरणी आणावी. गरम भाकरीवर काकवी आणि तूप, यासारखी न्याहारी नाही. गूळ घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. पिवळाधमक, पांढुरका गूळ दिसायला देखणा असतो, पण तो रंग बहुधा रसायनांचा किंवा मिसळलेल्या साखरेचा असतो. गडद तांबूस गूळ आपण मागितला, तर गुऱ्हाळवालाही तो करील. आपल्या घरातील एका खरेदीचा असा दूरवर परिणाम होतो.

आता हुरड्याविषयी. दाणा चिकातून बाहेर पडून जरा घट्ट होतो, पण अजून हिरवा आणि गोड असतो, तेव्हा ज्वारीचे कणीस हुरड्यात आले असे आपण म्हणतो. गूळभेंडी, सुरती ही त्याची जुनी वाणे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ हे वाण खास हुरड्यासाठी दिले. बांधावर गोवऱ्यांची आगटी, तीत खुपसलेली कणसे, तळहातावर चोळून फुंकर मारून काढलेला गरम दाणा, सोबत तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी. यात गृहिणीने रांधायचे काही नाही आणि उष्टी भांडीही घासायची नाहीत. वर्षातून एकदा सारे घर तिच्यासकट बांधावर बसून जेवते, हे हुरड्याचे सर्वांत मोठे सुख आहे, आणि पुरुष लेखकांच्या हुरड्याच्या वर्णनांत ते क्वचितच सापडते.

खडकवासल्याचा कालवा दौंडपर्यंत आला, चासकमानचे पाणी शिरूरला आले आणि ऊस आला. उसाने घरे बांधली, मुलांची शिक्षणे झाली. त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण ज्वारी हटत गेली, कडबा गेला, आणि हुरडा बांधावरून उठून फलकावर गेला. आज आपल्याच तालुक्यातील मोराच्या चिंचोलीला पुण्याची मंडळी तिकीट काढून हुरडा खायला येतात. त्यातून तेथील भगिनींच्या हाताला काम आणि मोल मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र शेजारच्या गावातील शेतकऱ्याच्या मुलाने हुरडा प्रथम तेथेच खाल्ला असेल, तर ते मनाला लागते. उसाच्या कडेने चार ओळी ज्वारीच्या टाकायला काही फार जागा लागत नाही. पाखरे खातील. खाऊ द्यावीत.

उसाबरोबर आणखी एक गोष्ट आली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या तालुक्यातील पिंपरखेड आणि जांबूत येथे सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. दोन लहान मुले होती आणि एक वृद्ध माउली. त्या घरांतील दिवाळीविषयी मी काय बोलावे? बिबट्याची मादी उसात पिले घालते, ऊस तुटू लागला की ती पिलांसह सैरभैर होते, आणि ती वेळ नेमकी या थंडीच्या आठवड्यांची असते. ज्या अंगणात संध्याकाळी शेकोटी पेटायची, तिथे आता दिवेलागणीला कड्या लागतात. मुलाला परसात पाठवताना आईचा जीव थाऱ्यावर नसतो. शेतीला दिवसा वीज मिळावी, वस्तीला दिवे आणि कुंपण मिळावे, शाळेची वाट सुरक्षित व्हावी, या मागण्या करणे हेसुद्धा गृहिणीचेच काम आहे असे मी समजते. अंगणच गेले तर घराचा निम्मा भाग गेला. गावसभेत या विषयावर बायकांनी उभे राहून बोलले पाहिजे. पुरुष नुकसानभरपाईवर बोलतात, अंगणावर बोलत नाहीत.

दुपारचे अंगण मात्र अजून आपले आहे, आणि दुपारचे ऊन म्हणजे गोधडीचे ऊन. जुने नऊवारी लुगडे खाली अंथरायचे, मध्ये धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे, वर दुसरे लुगडे. कडेपासून सुरुवात करून आत-आत धावदोरा घालत जायचे. दोघी-तिघी चारी बाजूंना बसल्या तर काम लवकर उरकते. यात वाया गेलेले काहीच नसते. थोरल्याचा फाटका सदरा धाकट्याच्या पाठीला ऊब देतो. विकतची ब्लँकेटे स्वस्त आहेत, हलकी आहेत, धुवायला सोपी आहेत, हे सारे खरे. तरीही आजोबा गेल्यावर त्यांच्या धोतराची गोधडी नातवाच्या अंगावर घातली जाते, तेव्हा जे घडते ते दुकानात मिळत नाही. वर्षाला एक गोधडी. त्यापेक्षा जास्त मी मागत नाही. आणि त्यातले चार टाके घरातल्या पुरुषाने घालावेत. वाकडे आले तर तेही राहू द्यावेत, पुढे हसायला कारण होते.

आता थोडे अवघड बोलते. आपल्या घरांत ही ऊब चालू असते, त्याच आठवड्यांत आपल्या उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या पडलेल्या असतात. बीडहून, अहिल्यानगरच्या पाथर्डीकडून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी होते. दिवाळी होते न होते तोच गाव सोडायचे, ते पाडव्याच्या सुमाराला परतायचे. म्हणजे संक्रांत दरवर्षी परक्या गावच्या बांधावर. ती बाई पहाटे अंधारात तीन दगडांवर भाकरी थापते, तान्हे मूल उसाच्या सावलीत निजवते आणि दिवसभर मोळ्या वाहते. बीड जिल्ह्यातील या भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका भीषण झाला की २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या चहातील साखर आणि आपल्या शेताला मिळणारा भाव त्यांच्या हातून येतो. आपण समरसतेविषयी व्यासपीठांवरून पुष्कळ बोलतो. पण कोपीतल्या बाईला हळदीकुंकवाचे बोलावणे आपल्यापैकी किती घरांतून जाते?

भोगीच्या दिवशी आपण घेवडा, पावटा, हरभरा, गाजर, वांगी, बोरे, शेंगदाणे आणि तिळकूट घालून मिसळीची भाजी करतो. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे वडीलधारी मंडळी म्हणत आली. ती भाजी थोडी करताच येत नाही. इतके जिन्नस एकत्र आले की पातेले भरतेच. त्या पातेल्यातील एक भाग कोपीवर जावा, आणि तो उरलेला म्हणून नव्हे, आधी वाढून ठेवलेला. तिच्या मुलांना तीळगूळ मिळावा. थंडीत शिवलेली एखादी गोधडी तिकडे गेली तर ती चारही महिने वापरात राहील.

असेच आपल्या घरातील एका व्यक्तीचे आहे. पती निधन पावलेली जाऊ, नणंद किंवा आत्या हलवा करायला बसते, सुगडे धुऊन पुसून देते, गाजर-बोरे-ओंब्या भरून देते, आणि वाण लुटायची वेळ झाली की आतल्या खोलीत निघून जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथांच्या विरोधात ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव झाले ते उत्तम झाले. पण आतल्या खोलीतून हात धरून बाहेर आणायला ग्रामसेवक येणार नाही. यंदाच्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्यापैकी जिच्या घरी हळदीकुंकू असेल, तिने पहिले वाण तिच्याच ओटीत घालावे. कुणी नाक मुरडले तर मुरडू द्या. पुढच्या वर्षी तीच बाई आपल्या घरी तसे करील, असा माझा अनुभव आहे.

माझा वेळ संपत आला. सुगडी यंदाही कुंभारवाड्यातूनच घ्या, भाव करू नका. एका सुगडाला चाक, भट्टी आणि वाहतूक किती पडते ते त्याला एकदा विचारून पाहा. मागच्या खोलीत आपल्या काही भगिनींनी दोन शेगड्या पेटवून परातीत तीळ घेतले आहेत, पाक झालेला आहे. हवा आज कोरडी आहे. ज्यांना हलव्याचा पहिला हात शिकायचा असेल त्यांनी थांबावे, आणि बाहेर गाड्यांपाशी जी पुरुष मंडळी ताटकळत उभी आहेत त्यांनाही आत बोलवावे. दोन पराती आहेत, हात पुष्कळ लागतील.